पाळणा माळ्यावर गेल्यावर



धाकटं मूल तीन वर्षांचं होतं. पाळणा माळ्यावर जातो, झबली-टोपडी कुणाच्या तरी बाळंतपणासाठी बांधून दिली जातात. मोठ्यांच्या लेखी विषय संपतो, मुलांच्या मनात मात्र तो तेव्हाच सुरू होतो. "आता आपल्याकडे बाळ येणारच नाही?" "मी परत बाळ होऊ?" आणि दोन बहिणींतली मोठी हळूच विचारते, "भाऊ आला नाही म्हणून आजी रागावली का?"

हे प्रश्न हसून सोडून देण्यासारखे नाहीत. घरातली कुजबुज मुलं ऐकत असतात. आपण मात्र 'बाळ देवबाप्पा देतो' म्हणून वेळ मारून नेतो. त्यात आईचं शरीर आणि तिचा निर्णय दोन्ही नाहीसे होतात.

थांबायचं ठरलं, तरी शस्त्रक्रिया कुणाची? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के जणींची नसबंदी झाली होती. नवऱ्याने नसबंदी करून घेतलेल्या स्त्रिया अवघ्या ०.३ टक्के! पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी आणि कमी धोक्याची असूनही हे असं.

म्हणून मुलांना खरं सांगू या. बाळ आईच्या गर्भाशयात वाढतं. ते हवं की नको हे आईबाबा मिळून ठरवतात, पण आईने 'पुरे' म्हटलं की पुरे. आणि त्या मोठीला जवळ घेऊन सांगू या, तुम्ही दोघी आहात, आपलं घर पुरं आहे.

– संपादक मंडळ