भाताचे पाणी आणि नाचणीची भाकरी

हवामान बिघडले की आपण गिरण्यांच्या धुराड्यांकडे बोट दाखवतो. आपल्या ताटाकडे पाहत नाही. भाताच्या खाचरात पाणी सतत तुंबले की चिखलातील जंतू मिथेन वायू तयार करतात. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या २५ पटींहून अधिक उष्णता धरून ठेवतो.

भात सोडा, असे आम्ही म्हणत नाही. ज्यांच्या हाती विहिरीचे पाणी आहे, त्यांनी उन्हाळी भाताला सतत पाणी कोंडू नये. पाणी मातीखाली सहा इंच उतरले की पुन्हा द्यावे. फुलोऱ्यात मात्र ताण देऊ नये. उंच शेतात नाचणी लावावी. तिला तुंबलेले पाणी लागत नाही. शिवाय १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पांढऱ्या तांदळात जेमतेम १०.

आमचीही चूक कबूल करतो. धर्मग्रामाच्या पंगतीत आम्ही पांढरा भातच वाढत आलो. नाचणी गरिबाची, हा समज आम्हीच जपला. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून पाळले, तरी आमच्या पंगतीत भाकरी आली नाही. बंधुभगिनींनो, यंदा कापणीच्या सणाला वेदीपुढे भातासोबत नाचणीचीही कणसे आणा. पंगतीत भाकरी वाढण्याचे आम्ही पाहतो.