वरचं किती, खालचं किती?

आपल्याकडे घरी बीपी मोजणं हा सामुदायिक कार्यक्रम असतो. टीव्हीखालच्या कप्प्यातून मशीन निघतं. आजोबा सोफ्यावर रेलून, पायावर पाय टाकून बसतात. पट्टा फुगत असतानाच स्वयंपाकघरातून सूनबाई विचारतात, "बाबा, वरचं किती आलं?" "अगं थांब, अजून व्हायचंय!" एवढ्या बोलण्यानेही आकडा पाच-दहाने चढू शकतो. मग खापर फुटतं मशीनवर.

या मशीनचं काम समजून घेतलं तर निम्मे घोटाळे टळतात. स्टेथोस्कोप लावून डॉक्टर ठोके ऐकतात, ती पद्धत रशियन सर्जन निकोलाय कोरोत्कॉव्ह यांनी १९०५ साली मांडली. घरचं मशीन काही ऐकत नाही. धमनीच्या ठोक्यांमुळे पट्ट्यातल्या हवेत जी बारीक थरथर उठते, ती टिपून ते हिशेबाने वरचा-खालचा आकडा काढतं. हात हलला की त्या थरथरीत भेसळ झालीच.

पट्टा उघड्या दंडावर हवा. घट्ट बाही गुंडाळून वर सरकवली तर तीच दंड आवळते. त्यापेक्षा सरळ हात बाहेर काढावा. पट्ट्यावर बहुधा २२ ते ३२ सेंटिमीटर असं छापलेलं असतं, ते दंडाच्या घेराचं माप. भरदार दंडाला लहान पट्टा लावला की आकडा फुगतो, आणि नसलेलं बीपी मागे लागतं. दंड छातीच्या पातळीला, हात टेबलावर टेकवलेला. हृदयापासून हात जितके इंच खाली, तितके साधारण दोन-दोन अंक वाढतात. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर. चहा, तंबाखू, जिने अर्धा तास आधीपर्यंतच. लघवी तुंबवून बसू नये. आणि पाच मिनिटं गप्प! आपल्या घरांत हेच सगळ्यात अवघड.

मनासारखा आकडा येईपर्यंत बटण दाबत राहणाऱ्यांचं काय करावं, मला कळत नाही. एका आकड्यावरून घाबरू नये, तसं हुरळूही नये. सकाळी गोळी आणि नाश्त्याच्या आधी दोनदा, संध्याकाळी दोनदा, मध्ये मिनिटभर थांबून, असं आठवडाभर मोजावं. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढावी. दवाखान्यात १४०/९० ही वेस मानतात, घरी १३५/८५; कारण डॉक्टरांसमोर अनेकांचं बीपी उगाच चढतं. काहींचं उलट असतं, दवाखान्यात छान आणि घरी वर. हे घरी मोजल्याशिवाय सापडतच नाही. मात्र १८०/१२० च्या पुढे गेलं आणि छातीत दुखतंय, धाप लागतेय किंवा बोलणं अडखळतंय, तर वही-सरासरी विसरून थेट हॉस्पिटल गाठावं.

आकडा जसा आला तसाच वहीत उतरवावा. १३७ चे १३० करून डॉक्टरांना खूश करणारे कमी नाहीत. पण मशीनला मेमरी असते, आणि ती कशी उघडायची हे डॉक्टरांना ठाऊक असतं.