पॅनेल लावण्याआधी भिंत बघा

ब्रिटनमधल्या आपल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर हल्ली बाथरूमचे फोटो बरेच येतात. डावीकडे काळवंडलेल्या टाइल्स, उजवीकडे संगमरवरासारखी चकचकीत भिंत आणि खाली एक ओळ: ‘स्वतः केलं, एका वीकेंडमध्ये!’ मग अंगठे, टाळ्या आणि ‘पॅनेल कुठे मिळालं?’ अशी विचारणा. या दोन फोटोंच्या मधला फोटो, म्हणजे जुन्या टाइल्स निघाल्यावर दिसलेली भिंत, मात्र कुणी टाकत नाही. कारण बऱ्याचदा ती भिंत कुणी बघितलेलीच नसते. नवं पॅनेल थेट जुन्या टाइल्सवर चिकटवलेलं असतं.

स्वतः काम करायला माझा आक्षेप मुळीच नाही. गेल्या वर्षी रेडिंगमधल्या आमच्या घरात बाथटबच्या तिन्ही बाजूंना मी स्वतःच वॉटरप्रूफ पॅनेल बसवली. जुन्या टाइल्स काढून नव्या लावण्याचं कोटेशन मजुरीसकट सोळाशे पौंडांच्या घरात होतं. पॅनेल, कडेच्या पट्ट्या, चिकटवायचा ॲडहेसिव्ह, सिलिकॉन आणि मागचा नवा बोर्ड असं सगळं मिळून माझा खर्च साडेपाचशेच्या आसपास गेला. काम जमण्यासारखं आहे आणि ते करताना मजाही येते.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ही पीव्हीसीची किंवा प्लायवूडवर लॅमिनेट चढवलेली मोठी शीट असते. साधारण २.४ मीटर उंच, १ मीटर रुंद आणि १० मिलिमीटर जाड. एकाची जीभ दुसऱ्याच्या खोबणीत बसते. टाइल्समध्ये असतात तशा शेकडो फटी नसतात, त्यामुळे ग्राउट घासत बसावं लागत नाही. आपल्या घरांत याची किंमत जास्त कळते. दिवाळीच्या अभ्यंगाचं तेल, उटणं, मेंदी आणि त्यावर आमच्या भागातलं जड पाणी. एवढं सगळं झाल्यावर पांढरं ग्राउट पांढरं राहील अशी आशा कशी करायची?

पण हे पॅनेल वॉटरप्रूफ असतं म्हणजे नेमकं काय? शीटमधून पाणी आरपार जात नाही, इतकंच. दोन शीटचा सांधा, कोपरा, नळाच्या पाइपसाठी पाडलेलं भोक आणि टबला टेकणारी खालची कड या जागा आपण कशा भरतो त्यावर बाकी सगळं अवलंबून असतं. लॅमिनेटचं पॅनेल असेल तर कापलेली प्रत्येक कड सिलिकॉनने बंद करावी लागते, नाहीतर आतलं लाकूड पाणी पितं. टब आणि पॅनेल यांच्यामधली फट भरण्याआधी टब पाण्याने भरून ठेवायचा असतो. माणूस आत उतरला की टब वजनाने किंचित खाली बसतो. रिकाम्या टबला लावलेलं सिलिकॉन मग ताणलं जातं आणि काही महिन्यांत सुटतं. म्हणून भरलेल्या टबाला सिलिकॉन लावायचं, ते पूर्ण सुकेपर्यंत, साधारण चोवीस तास, थांबायचं आणि मगच पाणी सोडायचं. वीकेंडमध्ये काम आटोपायची घाई असली की पहिला बळी या चोवीस तासांचा जातो.

हे झालं पुढून येणाऱ्या पाण्याचं. पाणी मागूनही येतं. आमच्याकडे नळाच्या बाजूच्या टाइल्सवर बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं तर एका पट्ट्यात बद्द आवाज येत होता. टाइल्स काढल्या. मागचा साधा प्लास्टरबोर्ड चहात बुडवलेल्या खारीसारखा झाला होता, बोट सहज आत गेलं. सांगाड्याचं लाकूड काळं पडलं होतं, पण सुदैवाने घट्ट होतं. शॉवरकडे जाणाऱ्या पाइपचा एक सांधा भिंतीच्या आत थेंब थेंब गळत होता. प्लंबर आला, अर्ध्या तासात सांधा बदलून गेला. मग आठवडाभर डीह्युमिडिफायर लावून लाकूड वाळवलं, ओलावा सोसणारा नवा बोर्ड लावला आणि त्यावर पॅनेल चढवलं. घरात दुसरं बाथरूम नाही. त्या आठवड्यात आम्ही टबात बसून, भिंतीला पाणी लागू न देता, बादली-तांब्याने आंघोळी केल्या.

जुन्या टाइल्सवरच पॅनेल चिकटवलं असतं तर? बाथरूम त्याच दिवशी फोटोसारखं दिसलं असतं आणि आतला थेंब तसाच चालू राहिला असता. माझ्या व्यवसायातलं उदाहरण द्यायचं तर सतत क्रॅश होणाऱ्या प्रोग्रॅमला नवीन स्क्रीन देण्यासारखंच हे. फरक असा की प्रोग्रॅम निदान लॉग तरी लिहितो. बंद भिंत काही सांगत नाही, लाकूड कुजेपर्यंत तर नाहीच.

या मुद्द्याला मी इतका चिकटून आहे त्याला कारण आहे. ओल हा या देशात केवळ दिसण्याचा प्रश्न नाही. डिसेंबर २०२० मध्ये रॉचडेलमध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा वारला. घरातल्या बुरशीशी दीर्घकाळ संपर्क आल्याने त्याला श्वसनाचा गंभीर आजार झाला, असा निष्कर्ष कोरोनरने नोव्हेंबर २०२२ मध्ये दिला. त्याच्या वडिलांनी त्या बुरशीबद्दल तक्रारी केल्या होत्या. पुढे ‘अवाबचा कायदा’ आला आणि २७ ऑक्टोबर २०२५ पासून इंग्लंडमधल्या सामाजिक घरांच्या मालकांना धोकादायक ओल आणि बुरशी ठरावीक मुदतीत हाताळणं बंधनकारक झालं. आपल्यातली कितीतरी कुटुंबं पहिली काही वर्षं भाड्याच्या जुन्या घरांत काढतात, तीही लहान मुलांसकट. त्यांना माझी विनंती आहे की बुरशीवर स्वखर्चाने स्वस्त पॅनेल लावून गप्प बसू नका. फोटो काढा, मालकाला किंवा एजंटला लेखी कळवा. पॅनेल लावलं की तुमच्या हातातला पुरावाच झाकला जातो.

‘म्हणजे प्रत्येकाने भिंत फोडायचीच का?’ असं काही जण विचारतील. नाही. टाइल्स घट्ट असतील, भिंत सपाट आणि कोरडी असेल तर त्यांच्यावर पॅनेल लावायला हरकत नाही. पण कोरडी आहे हे आधी तपासा. ठोकून बघा. भिंतीच्या पलीकडच्या खोलीत जाऊन रंगाला फुगे आलेत का बघा. ओलावा मोजायचं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं. घर २००० सालाच्या आधीचं असेल तर फोडाफोडीपूर्वी मागच्या बोर्डात ॲस्बेस्टॉस आहे का याची चाचणी करून घ्या, कारण इथे त्यावर पूर्ण बंदी १९९९ मध्ये आली. वायरिंगला हात लावायचा असेल तर तो हात नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनचा असू द्या. आणि एक्झॉस्ट पंखा विसरू नका. इंग्लंडच्या नियमांत बाथरूमसाठी सेकंदाला १५ लिटर हवा बाहेर टाकण्याचं प्रमाण दिलं आहे. वाफ बाहेर गेली नाही तर ती पॅनेलवरून छताकडे जाते आणि बुरशी तिथे धरते.

स्वतः काम करण्याचा खरा फायदा पैशांच्या बचतीत नाही, असं मला आता वाटतं. आपल्याकडे शिकलेल्या माणसाने हात मळवायचे नाहीत अशी एक समजूत आहे. इथे मजुरी महाग म्हणून ती मोडते. पण मिस्त्रीचं काम हातात घेतलं तर त्याची शिस्तही घ्यायला हवी. चांगला मिस्त्री आधी भिंतीवर हात फिरवतो, ठोकतो, वास घेतो. आपण मात्र यूट्यूबवरचा शेवटचा अर्धाच भाग बघून आलेलो असतो.

आता भारतातल्या घरांबद्दल. इथली पॅनेल बघून सुट्टीला गेल्यावर हमखास विचारलं जातं, ‘आमच्या बाथरूमला बसवता येतील का रे?’ पीव्हीसी पॅनेल आता ठाण्या-पुण्यातही सहज मिळतात आणि ओल आलेल्या भिंतीवर सर्रास मारली जातात. आपणही इथून फोनवर सांगून टाकतो, ‘बाबा, पॅनेल मारून घ्या, दोन दिवसांत काम होईल, पैसे पाठवतो.’ यात माया असते, नाही असं नाही. पण तिथली घरं वेगळी असतात. विटांच्या भिंती, खाली काँक्रीटचा स्लॅब, त्यावर कोबा आणि नहाणी ट्रॅप. पाणी बहुतेक वेळा फरशीच्या सांध्यातून किंवा ट्रॅपच्या कडेने खाली उतरतं आणि खालच्यांच्या छताला ओल येते. वरच्याने भिंतीला पॅनेल लावून ते थांबत नाही. खालच्याने छत झाकून घेतलं तर आत सळ्या गंजत राहतात आणि एक दिवस काँक्रीटचा पोपडा खाली येतो. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे संडास, सिंक वगैरेंमुळे होणाऱ्या अंतर्गत गळतीचा खर्च त्या सभासदाने करायचा असतो, त्यामुळे टाळाटाळ केली की शेजारधर्मही बिघडतो.

तेव्हा पुढच्या भारतवारीत लग्नकार्यं आणि खरेदी यांच्या मध्ये दोन दिवस आई-बाबांच्या बाथरूमला द्या. नहाणीचं तोंड बंद करा, फरशीवर इंच-दोन इंच पाणी साठवा आणि चोवीस तासांनी खालच्यांकडे जाऊन छत बघा. त्या दिवशी आंघोळीची सोय शेजारी होईल, त्यानिमित्ताने चहाही होईल. पाणी उतरलं असेल तर चांगला मिस्त्री आणि प्लंबर बोलवा, त्यांची मजुरी घासाघीस न करता द्या, आणि जमलं तर फरशी उघडतील तेव्हा तिथे उभे राहा. पॅनेलचा रंग त्यानंतर आईला निवडू द्या.