समाईक भिंत

‘लायब्ररी’ म्हटले की माझ्या पिढीच्या डोळ्यांपुढे पुस्तकांची कपाटे उभी राहतात. आम्हां गोमंतकीयांना तर त्याचा थोडा अभिमानही आहे. पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ सालचे. त्यामुळे आठवीतल्या एका मुलीने, “सर, आलेखाची लायब्ररी बसवून द्याल?” असे विचारले, तेव्हा सुतार बोलवावा की काय, असे क्षणभर मनात आले.

मुलीने महिनाभर बापाबरोबर केरीच्या फेरीधक्क्यावर जाऊन खांबावरच्या खुणांनी भरती-ओहोटी मोजली होती. दोन दिवसांवर प्रदर्शन होते आणि त्या आकड्यांचा आलेख तिला संगणकावर काढायचा होता. संगणकातली लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांनी लिहून, तपासून ठेवलेल्या आज्ञावलींचा संच. आलेख काढणारी ‘मॅटप्लॉटलिब’ आकडेमोडीसाठी ‘नमपाय’वर विसंबते आणि दोघी ‘पायथन’ या भाषेवर उभ्या असतात. आमच्या संगणकावरील उबंटू ही प्रणाली १९९३ साली सुरू झालेल्या डेबियनच्या घराण्यातली. तिचा ‘एप्ट’ नावाचा कारभारी एक वस्तू मागितली की तिला लागणाऱ्या साऱ्या वस्तू सोबत आणतो.

इथवर सारे सुरळीत होते. पण पायथनची नवी आवृत्ती हवी म्हणून मी ती वेगळी आणून बसवली आणि मग वाटले, एका घरात दोन वरवंटे कशाला? जुनी काढून टाकण्याची आज्ञा दिली. कारभाऱ्याने काय काय जाईल त्याची लांबलचक यादी दाखवून ‘पुढे जाऊ का?’ असे विचारले. मुलांच्या उत्तरपत्रिका ओळ न ओळ वाचणाऱ्या मी ती यादी न वाचताच होकार दिला. संगणक पुन्हा सुरू केला, तो काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे! उबंटूची स्वतःची कितीतरी अवजारे त्या जुन्या पायथनवरच उभी होती.

आपल्याकडे भावांची वाटणी झाली तरी मधली भिंत समाईक राहते. एकाने ‘माझी’ म्हणून ती पाडली की दुसऱ्याचे वासे खाली येतात. मी नेमके तेच केले होते.

मुलीचे पहिल्या वीस दिवसांचे आकडे वहीत होते. पुढचे अकरा दिवस तिने थेट संगणकात भरले होते. ती रडली नाही, नुसती उभी राहिली. ते मला अधिक लागले. संध्याकाळी एक माजी विद्यार्थी आला आणि पेन ड्राइव्हवरून त्याने प्रणाली पुन्हा उभी केली. लायब्ऱ्या काढताना ‘एप्ट’ वापरणाऱ्याच्या घरच्या कप्प्याला हात लावीत नाही, म्हणून अकरा दिवस वाचले.

जाताना त्याने चार गोष्टी समजावल्या. ‘रिमूव्ह’ने वस्तू जाते, तिच्या मांडणीच्या नोंदी राहतात, ‘पर्ज’ने त्याही जातात. सोबत आलेले आणि आता कुणालाच नको असलेले ‘ऑटोरिमूव्ह’ झाडून काढते. पायथनचा स्वतःचा ‘पिप’ मात्र नाव घेतलेलीच लायब्ररी काढतो, तिचे सोबती मागे उरतात. म्हणून प्रत्येक कामाला ‘व्हेन्व्ह’ची वेगळी चूल मांडावी, काम संपले की तो एक कप्पा पुसावा, घराला धक्का नाही. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियनच्या बाराव्या आवृत्तीपासून तर ‘पिप’ला मुख्य घरात सामान ठेवायला सहसा मज्जावच आहे.

जाणत्यांचीही अशी फजिती होते. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाची अवघ्या ११ ओळींची लायब्ररी तिच्या कर्त्याने सार्वजनिक कोठारातून काढून घेतली आणि तिच्यावर विसंबलेली जगभरची हजारो कामे अडली. काही तासांतच ती परत ठेवावी लागली.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी मी मुलांपुढे सांगितले की, चूक यंत्राची नव्हती, माझी होती; यादी समोर होती, मी वाचली नाही. प्रदर्शनात आलेख लागला. पौर्णिमेच्या आसपास त्याची रेघ चांगली उंच चढली होती.

वाचकहो, आपल्या घरची मुलेही आता हेच उद्योग करीत असतील. त्यांना अडवू नका. मात्र होकाराची कळ दाबण्यापूर्वी ती यादी त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्या.