तिळाएवढ्या जिवाचे २१ दिवस

रंकाळ्यावर आपण काय काय करतो? भेळ खातो, वॉक घेतो, बॉसला शिव्या घालतो, लग्न ठरवतो, मोडतो. एक गोष्ट मात्र कुणी करत नाही. काठावरचं ग्लासभर पाणी घेऊन ते उजेडाकडे धरून बघत नाही. एकदा करून बघा. (प्यायचं नाही हं, फक्त बघायचं!) रंकाळा नको असेल तर कळंबा घ्या, नाहीतर तुमच्या गावाकडचा ओढा घ्या. दोन मिनिटं ग्लास स्थिर धरला की त्यात पांढरे ठिपके हलायला लागतात. काही ठिपके झटका दिल्यासारखे सुळकन पुढे जातात, तर काही उड्या मारत वर येतात आणि सावकाश खाली उतरतात, लिफ्टसारखे.

झटके देणारा तो सायक्लॉप्स. एका डोळ्याचा. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला हा नावानं नाही तरी कामानं ठाऊक होता. नारूचा रोग पसरायचा तो याच्याच पोटातून, म्हणून तर विहिरीचं पाणी फडक्यानं गाळून प्या असं गावोगाव सांगितलं जायचं. भारत २००० साली नारूमुक्त जाहीर झाला आणि बिचाऱ्या सायक्लॉप्सची शेवटची प्रसिद्धीही तिथंच संपली. उड्या मारणारा दुसरा गट म्हणजे डॅफ्निया आणि त्याची भावंडं. ज्यांच्याकडे फिश टँक आहे त्यांना नाव माहीत असेल, कारण माशांच्या पिल्लांचं खाद्य म्हणून हेच विकतात. आकार तिळाएवढा किंवा त्याहून लहान. अंग पारदर्शक. मायक्रोस्कोपखाली धरलं तर आतलं हृदय धडधडताना दिसतं.

आता तुम्ही म्हणाल, लाइफस्टाइलच्या पानावर हे काय? सांगते. या तिळाएवढ्या जिवांचा आणि तुमच्या-माझ्या पगाराबाहेरच्या उत्पन्नाचा फार जवळचा संबंध आहे. म्हणजे उसाचा.

कोल्हापूरच्या कुठल्याही ऑफिसात जा. निम्म्या टेबलांवर बसलेल्यांचा गावाकडं थोडाफार ऊस असतो. दीड एकर, अडीच एकर, भावकीत वाटून राहिलेला एखादा तुकडा. आपण इथं एसीत बसून एक्सेल भरतो आणि तिकडं काका-तात्या लागण करतात. आणि लागण झाली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी, जमिनीला वाफसा आला की, पाठीवरचा पंप बाहेर निघतो. तण उगवायच्या आधीच मारायचं. या कामासाठी गेली कित्येक वर्षं हमखास वापरलं जाणारं नाव म्हणजे ॲट्राझिन.

ॲट्राझिनचा जन्म स्वित्झर्लंडचा. गायगी नावाच्या कंपनीनं ते १९५८ च्या सुमारास बाजारात आणलं. त्याचं काम मोठं हुशारीचं आहे. पान उजेडापासून अन्न बनवतं ना, त्या यंत्रणेतला एक नेमका सांधा ते अडवून धरतं. तण उगवतं, पण त्याला स्वयंपाकच करता येत नाही. उपासमारीनं जातं. ऊस आणि मका मात्र हे रसायन स्वतःच्या अंगात निकामी करून टाकतात, म्हणून ते तगतात. शेतकऱ्याला आणखी काय पाहिजे?

मग साधा प्रश्न येतो. डॅफ्निया काही वनस्पती नाही. त्याला पानं नाहीत, उजेडावर जेवायचं नाही. मग तणनाशकाचा आणि त्याचा संबंध काय?

लॅबमध्ये हाच प्रश्न विचारला तर पहिलं उत्तर असं येतं की फारसा नाही. नवं रसायन पाण्यातल्या जिवांना किती घातक आहे हे बघण्याची जगभर वापरली जाणारी एक पद्धत आहे. डॅफ्नियाची पिल्लं औषध मिसळलेल्या पाण्यात सोडायची आणि ४८ तासांनी किती हालचाल करतात ते मोजायचं. या परीक्षेत ॲट्राझिन बऱ्यापैकी पास होतं. लिटरमागे काही मिलिग्रॅम मिसळल्याशिवाय निम्मे डॅफ्निया गारद होत नाहीत, आणि एवढं प्रमाण नदी-तळ्यात सहसा कधी भरत नाही. विषय संपला?

नाही ना. कारण ४८ तास म्हणजे शुक्रवार संध्याकाळ ते रविवार संध्याकाळ. एका वीकेंडवरून कुणाचं आयुष्य कसं चाललंय हे ठरवता येतं का? नवीन नोकरीत पहिले दोन दिवस कोण कोलमडतं? खरं काय ते महिन्याअखेरीला कळतं. म्हणून दुसरी, लांबलेली परीक्षा असते ती २१ दिवसांची. त्यात जगलं की मेलं एवढंच बघत नाहीत, पोरं किती झाली ते मोजतात. डॅफ्नियाच्या हिशेबात २१ दिवस म्हणजे तरुणपण, संसार आणि दोन-चार बाळंतपणं.

इथं चित्र बदलतं. अमेरिकेत १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या अशा दीर्घ चाचण्यांत लिटरला पाव मिलिग्रॅमच्या आसपास डॅफ्नियाची पिल्लं घटलेली दिसली. मारायला लागणाऱ्या मात्रेच्या कितीतरी खाली. आई जिवंत, दिसायला ठणठणीत, पण पाळण्यात कमी पोरं.

त्याच्याही पुढची गंमत ऐका. डॅफ्नियाची मादी चांगल्या दिवसांत नराशिवायच पिल्लं घालते, आणि त्या सगळ्या मुली. काळ वाईट आला, पाणी आटलं, गर्दी झाली, की मग नर जन्माला घालायचे आणि टणक कवचाची अंडी चिखलात ठेवून द्यायची. ही अंडी वर्षानुवर्षं तळाशी पडून राहतात आणि बरे दिवस आले की फुटतात. फिक्स्ड डिपॉझिटच म्हणा ना! १९९९ साली अमेरिकेतल्या एका प्रयोगात डॅफ्नियाच्या एका जातीला ॲट्राझिनच्या अगदी किरकोळ मात्रेत ठेवलं, तर नरांचं प्रमाण वाढलं. म्हणजे आणीबाणी नसताना आणीबाणीचा भोंगा वाजला.

पण मला सगळ्यात जास्त विचारात पाडलं ते काचेच्या भांड्यातल्या प्रयोगानं नाही, तळ्यातल्या प्रयोगानं. अमेरिकेतलं कॅन्सस हे मक्याचं राज्य. तिथल्या विद्यापीठाच्या प्रायोगिक तळ्यांत ॲट्राझिन सोडून संशोधक तळ्याचं काय होतं ते बघत बसले. १९८६ साली त्यातल्या कीटकांबद्दलचा एक निबंध प्रसिद्ध झाला. लिटरला २० मायक्रोग्रॅम एवढ्यावरच तळ्यातून पंख फुटून बाहेर पडणाऱ्या कीटकांची संख्या घटली होती, जातीही कमी झाल्या होत्या. २० मायक्रोग्रॅम म्हणजे किती? आपल्या गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत साखरेचे दहा-पंधरा दाणे टाका. तेवढं.

आणि हे कीटक विषानं मेले नव्हते. औषधानं आधी शेवाळ आणि पाणवनस्पती घटल्या. मग शेवाळ खाणाऱ्यांचं जेवण गेलं, पाणवनस्पतींच्या आडोशाला राहणाऱ्यांचं घर गेलं. शाकाहारी कीटक कमी झाले, शिकारी कीटकांना तेवढा फरक पडला नाही. म्हणजे कुणाला हात न लावता मेस बंद केली, की होस्टेल आपोआप रिकामं होतं, त्यातला प्रकार. ४८ तासांच्या परीक्षेत हे दिसणार कसं? त्या भांड्यात मेसही नसते आणि होस्टेलही नसतं.

आता कॅन्ससहून परत कोल्हापूरला येऊ. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती, शिवाय गुप्त सरस्वती, अशा पाच नद्यांची पंचगंगा प्रयाग चिखलीला सुरू होते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. या नद्यांवर जागोजागी बंधारे आहेत, आणि त्या प्रकाराला पुस्तकातसुद्धा ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ म्हणतात. नाद करायचा नाही! पावसाळा सरला की त्यात बरगे घालायचे, पाणी अडवायचं, आणि पुढच्या पावसाआधी काढायचे. उसाला पाणी मिळतं ते यामुळेच. पण बरगे घातलेली नदी ही नदी राहत नाही, ती एकामागे एक तळ्यांची माळ होते. कॅन्ससच्या तळ्यांची आठवण ठेवा.

हंगाम बघा. आडसाली ऊस लावतात तो जुलै-ऑगस्टात, म्हणजे ऐन पावसात. मारलेलं औषध एका सरीनिशी ओढ्यात उतरू शकतं, कारण ॲट्राझिन मातीला फार घट्ट धरून बसत नाही, पाण्याबरोबर निघतं. पूर्वहंगामी आणि सुरू लागण ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत, म्हणजे बरगे घातलेले असताना. तेव्हा जे उतरतं ते वाहून जात नाही, साचतं. आणि ॲट्राझिन पाण्यात दोन दिवसांत विरघळून नाहीसं होणारं नाही, महिनोन्‌महिने टिकणारं आहे. म्हणजे इथल्या डॅफ्नियाला परीक्षा द्यायची तर ती ४८ तासांची नव्हे, अख्ख्या सेमिस्टरची.

अर्थात सगळं खापर तणनाशकावर फोडायला मी निघालेली नाही. पंचगंगेत शहराचं सांडपाणी जातं, कारखान्यांचं जातं, आणि मेलेल्या माशांचे फोटो आपण दरवर्षी पेपरात बघतो. पण मासा मेला की फोटो येतो. माशाच्या पिल्लाचं पहिलं जेवण संपलं तर फोटो कशाचा काढणार?

कायद्याचं काय? युरोपियन युनियननं २००३-०४ मध्ये ॲट्राझिनला दार बंद केलं. कारण डॅफ्निया नव्हतं, भूजल होतं. तिथं पिण्याच्या पाण्यात कुठल्याही एका कीडनाशकाची मर्यादा लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम. अमेरिकेनं ॲट्राझिनसाठी ३ ठरवली आणि वापर चालू ठेवला. जागतिक आरोग्य संघटनेचा मार्गदर्शक आकडा आहे १००. एकाच औषधाला तीन आकडे! आणि तिन्ही माणसाच्या घशासाठी. कॅन्ससच्या तळ्यात कीटक घटले ते २० वर, म्हणजे माणसाला चालेल म्हटलेल्या शंभराच्या बरंच खाली. ‘पाणी पिण्यालायक आहे’ आणि ‘पाण्यात राहण्यालायक आहे’ ही दोन वेगळी सर्टिफिकेटं आहेत, एवढं यातून घ्या.

आपल्याकडे केंद्र सरकारनं मे २०२० मध्ये २७ कीडनाशकांवर बंदीचा मसुदा काढला, त्यात ॲट्राझिन होतं, उसात सर्रास वापरलं जाणारं टू-फोर-डी पण होतं. बरीच चर्चा झाली. २०२३ मध्ये प्रत्यक्ष बंदी आली ती त्यातल्या मोजक्याच नावांवर, आणि ही दोन्ही नावं त्यात नव्हती.

हे सगळं वाचून मी उत्साहात आमच्या तात्यांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “बरोबर हाय पोरी तुझं. पर भांगलायला बाया कुठनं आणू? तू येतीस काय शनिवार-रविवार?”

यावर गुगलमध्ये उत्तर नाही. भांगलणीला माणूस मिळत नाही कारण गावातली पोरं एमआयडीसीत आहेत, पुण्यात आहेत, आणि आपण इथं आहोत. तणनाशकाचा पंप आपल्या रिकाम्या जागेवर उभा आहे. म्हणून तात्यांना लेक्चर द्यायचा हक्क मला फारसा नाही. पण ‘मारू नका’ आणि ‘कसंही मारा’ यांच्या मधे बरीच जागा आहे. फोनवर आमचं पुढं तासभर चाललं ते त्या जागेबद्दल.

पंप ओढ्यात धुवायचा नाही, रिकामा डबाही तिथं फेकायचा नाही. हे सगळ्यात स्वस्त. आभाळ भरून आलं असताना मारायचं नाही. ओढ्याच्या, पाटाच्या कडेचे दोन-चार सरी-वरंबे सोडायचे, तिथं गवत राहू द्यायचं, ते उतरणारं पाणी अडवतं. खोडव्यात पाचट जाळायचं नाही, सरीत पसरायचं. तण दबतं आणि ओलही टिकते. आणि उसात सोयाबीन, भुईमूग किंवा हरभऱ्याचं आंतरपीक घेतलं तर ॲट्राझिन मारताच येत नाही, कारण ती पिकंच जळतात. तण हटवायचं काम मग आंतरपिकाची सावली बऱ्यापैकी करते, वर चार पोती हाती लागतात ती वेगळी. शेवटचा मुद्दा तात्यांना सगळ्यात पटला. पोत्यांमुळे असेल!

तुमचाही गावाकडं तुकडा असेल तर पुढचा फोन उसाचं बिल जमा झालं का एवढंच विचारायला करू नका. औषध कुठलं मारता, कधी मारता, पंप कुठं धुता, हेही विचारा. खर्चात वाटा उचलता येत असेल तर उचला. दोन सऱ्या भांगलायच्या मजुरीला एका मल्टिप्लेक्सच्या संध्याकाळीएवढे पैसे लागत असतील तर सौदा महाग नाही.

मी दोन सऱ्यांचे पैसे पाठवलेत. ओढ्याकडेच्या. तात्या म्हणाले, पैशाचं बघू, तू ये तर खरी.