टाळलेला शेंगदाणा

'ज्याची ॲलर्जी होण्याची भीती, ते बाळाच्या तोंडाला लागूच द्यायचं नाही.' हा सल्ला इतका समंजस वाटतो, की त्याला पुरावा मागायचं फारसं कुणाच्या मनातच आलं नाही. ब्रिटनच्या आरोग्य खात्याने १९९८ मध्ये आणि अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २००० मध्ये तो अधिकृत केला: घराण्यात ॲलर्जी असेल तर मुलाला तीन वर्षांचं होईपर्यंत शेंगदाणा नको. अमेरिकी मुलांमधलं शेंगदाण्याच्या ॲलर्जीचं प्रमाण मात्र १९९७ मधल्या ०.४ टक्क्यांवरून २००८ मध्ये १.४ टक्क्यांवर गेलं.

आयांनी पथ्य नीट पाळलं नसेल, असं यावर म्हणता येईल. तसं असेल तर इस्रायलचं काय करायचं? तिथली बाळं दात येण्याच्या वयापासून 'बाम्बा' नावाचे, मक्याचे आणि शेंगदाण्याच्या लोण्याचे कुरकुरे चघळतात. २००८ मध्ये लंडनच्या गिडियन लॅक आणि सहकाऱ्यांनी ब्रिटन आणि इस्रायलमधल्या ज्यू शाळकरी मुलांची तुलना केली. ब्रिटनमध्ये ॲलर्जी १.८५ टक्के, इस्रायलमध्ये ०.१७. वंश जवळपास एकच, पण प्रमाण दहापट.

शेंगदाण्यातलं 'ॲरा एच २' हे प्रथिन चिवट आहे. जठरातल्या पाचकरसांनाही ते सहजी दाद देत नाही. पण चिवटपणा म्हणजे शत्रुत्व नव्हे. ते शरीरात कोणत्या वाटेने शिरतं, यावर बरंच काही ठरतं. इसब असलेल्या बाळाची त्वचा फाटलेली, सुजलेली असते. घरातल्या धुळीतले, मोठ्यांच्या हाताला लागलेले शेंगदाण्याचे कण तिथून आत गेले, की आधीच खवळलेली त्वचा धोक्याचा इशारा देते आणि ॲलर्जी घडवणारी 'आयजीई' प्रतिपिंडं तयार होऊ लागतात. तेच प्रथिन आतड्यातून आलं, तर प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या टी-पेशी शरीराला ते सहसा आपलं मानायला शिकवतात. म्हणजे पथ्याने तोंडाचं दार लावलं आणि त्वचेचं उघडंच ठेवलं.

नुसत्या तुलनेवर विसंबू नये, हा आक्षेप रास्त होता. त्याला २०१५ मध्ये 'लीप' चाचणीने उत्तर दिलं. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं घेतली. निम्म्यांना शेंगदाणा नियमित दिला, निम्म्यांना वर्ज्य केला. सुरुवातीच्या त्वचा-चाचणीत प्रतिक्रिया न आलेल्यांपैकी पाचव्या वर्षी वर्ज्य गटातल्या १३.७ टक्के मुलांना ॲलर्जी होती, खाणाऱ्या गटात १.९ टक्क्यांना.

आता काहीजण दुसरं टोक गाठतात: ॲलर्जी झालेल्या मुलालाही थोडं थोडं चारा, जाईल आपोआप! 'लीप'मधून हे निघत नाही. त्वचेवर थेंब टाकून सुईने टोचल्यावर चार मिलिमीटरहून मोठी गांध उठलेली बाळं त्या चाचणीत घेतलीच नव्हती. शिवाय ॲलर्जी नसलेल्या लहान बाळालाही द्यायची ती पातळ पेस्ट. अख्खा दाणा घशात अडकतो. ॲलर्जी जडल्यावरचा उपचार वेगळा आहे. अमेरिकेत २०२० मध्ये मंजूर झालेली शेंगदाण्याची औषधी पूड अर्ध्या मिलिग्रॅमपासून सुरू होते, प्रत्येक वाढीव मात्रेची सुरुवात दवाखान्यात, डॉक्टरांच्या नजरेसमोर होते, आणि ३०० मिलिग्रॅमपर्यंत पोचल्यावरही ती रोज घ्यावी लागते. ती घेत असतानाही जेवणातला शेंगदाणा वर्ज्यच, आणि ॲड्रेनलिनचं इंजेक्शन कायम जवळ.