मरणाराला वाचविणें हा गुन्हा काय?

गुन्ह्यास दंड करण्याचा अधिकार राजसत्तेला आहे, याविषयीं आमचा कोणाशींही वाद नाहीं. वाद आहे तो पुढचा. ज्याला दंड करावयाचा तो मनुष्य श्वास कोंडून डोळ्यांदेखत मरत असतां त्याला वाचविण्यास धांवणाऱ्या परिचारिकेचा हात कायद्यानें धरून ठेवावा कीं सोडून द्यावा? हा प्रश्न कोणी रिकामटेकड्यानें कल्पिलेला नाहीं. कॅनडा, अमेरिका, स्कॉटलंड इत्यादि देशांच्या न्यायालयांत व कायदेमंडळांत तो गेलीं वीस-बावीस वर्षें लढविला जात आहे, आणि आमच्या कायद्याची रचना पाहतां तो आमच्याही दारीं आल्यावांचून राहणार नाहीं. म्हणून त्याचा विचार आमच्या वाचकांनीं आजच शांत चित्तानें करावा, अशी आमची विनंति आहे.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. अफूपासून काढलेलें हेरॉइन आणि रसायनशाळेंत बनविलेलें फेंटानिल हीं एकाच वर्गांतलीं द्रव्यें होत. यांची मात्रा अधिक झाली कीं श्वासोच्छ्वास मंद होत होत थांबतो आणि कांहीं मिनिटांत प्राण जातो. फेंटानिल हें हेरॉइनच्या सुमारें ५० पट तीव्र. चोरट्या बाजारांत तें इतर द्रव्यांत मिसळून विकलें जातें, आणि आपण काय टोंचून घेत आहों हें घेणाऱ्यासही कळत नाहीं. परंतु या मरणाचा एक विशेष आहे. जवळ कोणी जाणता माणूस असेल, त्यानें वेळीं प्राणवायु दिला व नॅलॉक्सोन नांवाचें औषध टोंचलें, तर तें बहुधा टळतें. विष तेंच, मात्रा तीच. पण शेजारीं मनुष्य असेल तर जीवन, नसेल तर मृत्यु. देखरेखीचें सेवनगृह म्हणजे या एकटेपणावर काढलेला उपाय. तेथें मादक द्रव्य विकलें जात नाहीं कीं वांटलें जात नाहीं. व्यसनी मनुष्य आपलें द्रव्य आपणच आणतो, स्वच्छ सुई घेतो, आणि परिचारिकेच्या नजरेसमोर बसतो. असें पहिलें गृह स्वित्झर्लंडमध्यें बर्न शहरांत १९८६ सालीं निघालें.

कायद्याच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचा खटला मात्र कॅनडाचा होय. व्हँकूव्हर शहरांत ईस्ट हेस्टिंग्ज रस्त्यावर सप्टेंबर २००३ मध्यें ‘इनसाइट’ नांवाचें गृह उघडलें. कॅनडाच्या मादकद्रव्य कायद्याच्या ५६ व्या कलमानें आरोग्यमंत्र्यास वैद्यकीय कारणासाठीं किंवा लोकहितार्थ सूट देण्याचा अधिकार आहे. त्या सुटीवर तें चाले. पुढें मंत्रिमंडळ बदललें, आणि २००८ सालीं आरोग्यमंत्री टोनी क्लेमेंट यांनीं सूट चालू ठेवण्याचें नाकारलें. वाद वरपर्यंत गेला. ३० सप्टेंबर २०११ रोजीं कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊही न्यायाधीशांनीं एकमतानें हा नकार घटनाविरुद्ध ठरविला, आणि सूट ताबडतोब द्यावी असा मंत्र्यांस हुकूम केला.

या निकालाचा विपर्यास पुष्कळ होतो, म्हणून न्यायालय काय म्हणालें नाहीं तें आधीं सांगतों. व्यसन करण्याचा कोणास हक्क आहे असें तें म्हणालें नाहीं. द्रव्य बाळगण्यास बंदी करणारा कायदा रद्द असेंही म्हणालें नाहीं. सरन्यायाधीश बेव्हर्ली मॅक्लाक्लिन यांच्या निकालपत्राचा सरळ आशय असा: बंदीचा कायदा वैध आहे, आणि तो वैध आहे याचें कारणच हें कीं त्यांत सुटीची वाट ठेविली आहे. ती वाट मंत्र्यास लहरीप्रमाणें बंद करतां येणार नाहीं. कायद्याचा हेतु लोकांचें आरोग्य व सुरक्षितता राखण्याचा. इनसाइटनें जीव वांचतात व सार्वजनिक सुरक्षिततेस बाध येत नाहीं असा पुरावा समोर असतां तें बंद करणें म्हणजे कायद्याच्या हेतूचाच कायद्याच्या नांवानें घात करणें होय. पुराव्याप्रमाणें त्या गृहांत मात्रा अधिक होऊन एकही मनुष्य दगावला नव्हता. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत असें आढळलें कीं, गृह उघडल्यावर त्याच्या ५०० मीटरच्या आंत अशा मृत्यूंचें प्रमाण ३५ टक्के घटलें. उरलेल्या शहरांत ती घट ९ टक्क्यांच्या आसपास होती.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप नीतीचा. ‘करावें तसें भरावें, व्यसन्याचा कळवळा समाजानें कां बाळगावा?’ करावें तसें भरावें हें आम्हांस मान्य आहे. पण भरावें किती, हें कोणी ठरवावयाचें? कॅनडाच्या किंवा आमच्या कायद्यांत सेवनाच्या गुन्ह्यास देहान्त शिक्षा सांगितलेली नाहीं. खुनी मनुष्यास फांशी देण्यापूर्वीं आरोपपत्र, साक्षीपुरावा, वकील, अपील आणि दयेचा अर्ज इतक्या पायऱ्या आपण ठेवितों. गल्लींत पडून मरणाऱ्या पोराला मात्र यांतली एकही पायरी नाहीं. वांचविण्याचें साधन हातीं असून तें वापरूं न देणें ही कायद्याबाहेरची देहान्त शिक्षाच होय, मग तिला नीतीचें कितीही सोज्ज्वळ नांव द्या.

दुसरा आक्षेप असा कीं, यानें व्यसनास उत्तेजन मिळतें. परंतु त्या पायऱ्या चढणारा मनुष्य आधींच व्यसनी असतो. उलट तेथें त्याची गांठ प्रथमच डॉक्टरशीं पडते. इनसाइटच्या वरच्या मजल्यावर २००७ सालीं व्यसनमुक्तीचे बिछाने सुरू झाले ते याच हेतूनें. शिर सलामत तर पगडी पचास. जो आज वांचेल तोच उद्यां व्यसन सोडील. प्रेताला उपदेश करून उपयोग नाहीं.

तिसरा आक्षेप आमच्या व्यापारी वाचकांच्या मनांत सहज येईल. ‘हें गृह माझ्या दुकानाशेजारीं आलें तर?’ ही भीति हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. जुलै २०२३ मध्यें टोरोंटो शहरांत अशाच एका गृहाजवळ झालेल्या गोळीबारांत वाटेनें जाणारी एक माता ठार झाली. तेथील रहिवाशांचा संताप स्वाभाविक होता. तथापि व्हँकूव्हरमध्यें झालेल्या पाहणींत गृह उघडल्यावर रस्त्यांत उघड्यावर सुई टोंचणें आणि फेंकलेल्या सुया पडणें हीं दोन्ही कमी झालीं, हेंही तितकेंच खरें. दुकानामागच्या बोळांत जें आज चालतें तें चार भिंतींच्या आंत, पहाऱ्याखालीं जातें. म्हणून योग्य धडा हा कीं, जागा विचारानें निवडावी, पहारा कडक ठेवावा, व्यवस्थापकांस जबाबदार धरावें. हवालदारानें चूक केली म्हणून कोणी पोलिसखातें मोडीत काढीत नाहीं.

या उपायाची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. कॅनडांत २०१६ पासून अशा द्रव्यांनीं ५०,००० हून अधिक माणसें गेलीं; ज्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतांत इनसाइट आहे तेथें एकट्या २०२३ सालीं विषारी द्रव्यांनीं २,५०० हून अधिक दगावलीं. यांतले बहुतेक मृत्यु घरांत, बंद दारांआड होतात. गृहाच्या उंबरठ्याआंत जो येतो त्यालाच तें वांचवितें. बाजारांतलें विष तें शुद्ध करीत नाहीं. पण पुरांत एकच नाव आहे आणि तींत सगळे मावत नाहींत, म्हणून ती नावही फोडावी काय?

आतां मुद्याची गोष्ट. असें गृह कोणाच्या कृपेवर चालावें? अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथील मंडळींनीं तें काढण्याचा बेत केला. परंतु मादकद्रव्यासाठीं जागा वापरूं देणें गुन्हा ठरविणारा १९८६ चा कायदा आडवा आला, आणि जानेवारी २०२१ मध्यें अपील न्यायालयानें दोन विरुद्ध एक मतानें त्यांचे विरुद्ध निकाल दिला. स्कॉटलंडची तऱ्हा याहून उद्बोधक आहे. तेथें माणसें मरतात स्कॉटलंडचीं, पण मादकद्रव्याचा कायदा बदलण्याचा अधिकार लंडनच्या पार्लमेंटाकडे! अखेर सप्टेंबर २०२३ मध्यें तेथील मुख्य सरकारी वकिलांनीं, अशा गृहांत येणाऱ्यांवर बाळगण्याबद्दल खटले भरणें लोकहिताचें नव्हे असें जाहीर केलें, तेव्हां कोठें जानेवारी २०२५ मध्यें ग्लासगो येथें गृह उघडलें. एका अधिकाऱ्याच्या शब्दावर उभें राहिलेलें काम दुसऱ्याच्या शब्दानें कोसळूं शकतें. आणि कायदा केला तरी त्याचे आडून बंदी करतां येते. कॅनडांत २०१५ च्या कायद्यानें अर्जदारांवर अटींचा असा डोंगर रचला कीं परवाना मिळणेंच दुर्घट व्हावें. २०१७ सालीं तो उतरवून न्यायालयानें सांगितलेल्या पांच बाबींवर आणावा लागला. ऑन्टारिओ प्रांतानें २०२४ सालीं शाळा व बालगृहांपासून २०० मीटरच्या आंत अशीं गृहें नकोत असें ठरविलें. एवढेंच असतें तर आम्हीं दोष दिला नसता. पण त्याच कायद्यानें नव्या गृहासाठीं नगरपालिकांचा मार्गही प्रांतिक मंत्र्याच्या मर्जीच्या कडीकुलुपांत घातला. ही अट नव्हे, मागल्या दारानें आणलेली बंदी होय. याउलट सिडनीचें उदाहरण पाहा. २००१ सालीं प्रयोग म्हणून, कायद्यानें, एक गृह. त्याचें फळ पाहून २०१० सालीं तें कायम. हाच शहाणपणाचा मार्ग.

आणि आमच्याकडे? ज्या परक्या राजवटीनें माळव्याची अफू मुंबई बंदरांतून चीनकडे जाऊं देऊन तीवर कर बसविला, तिनें या विषाकडे महसुलाच्या दृष्टीनें पाहिलें. स्वराज्यानें तरी केवळ दंडाच्या दृष्टीनें पाहूं नये. १९८५ च्या आमच्या कायद्याचें २७ वें कलम सेवनाला शिक्षा सांगतें, २५ वें जागा वापरूं देणाऱ्यास. तर ६४-अ उपचारास तयार होणाऱ्या व्यसन्यास खटल्यांतून सूट देतें, आणि ७१ वें सरकारला व्यसन्यांसाठीं केंद्रें काढण्याची मुभा देतें. मध्यवर्ती सरकारनें २०१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणें सुईनें मादकद्रव्य घेणारे देशांत सुमारें साडेआठ लक्ष आहेत, आणि रोगप्रसार टाळण्यासाठीं त्यांस स्वच्छ सुया देण्याचें काम सरकारच्याच योजनेंत चालतें. म्हणजे एका हातानें सुई द्यावयाची आणि ती टोंचतांना मनुष्य कोसळला तर जवळ थांबणारास कायद्याची धास्ती! १९८९ सालीं परमानंद कटारा यांच्या अर्जावर आमच्या सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें आहे कीं, समोर आलेला मनुष्य निरपराधी असो वा गुन्हेगार, त्याचा जीव राखणें हें डॉक्टराचें पहिलें कर्तव्य. घटनेच्या २१ व्या कलमाचा तोच अर्थ आहे.

आमची मागणी मोठी नाहीं. संसदेनें १९८५ च्या कायद्यांत स्पष्ट कलम घालून आरोग्यखात्याच्या परवान्यानें एक-दोन शहरांत मुदतबंद प्रयोग करूं द्यावा. तेथील डॉक्टर-परिचारिकांस २५ व्या कलमापासून संरक्षण द्यावें. मरणोन्मुख सोबत्यासाठीं जो मदत बोलावील त्याच्यावर सेवनाचा खटला भरूं नये. आणि प्रयोगाचा जमाखर्च, किती आले, किती वांचले, शेजाऱ्यांस काय त्रास झाला, हा दरवर्षीं संसदेपुढें मांडावा. मोटर-अपघातांतील जखमीस उचलणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीनें असें संरक्षण मिळालें आहे. रस्त्यावर चाकाखालीं सांपडलेला आणि बोळांत सुईखालीं सांपडलेला, या दोघांच्या श्वासांत कायद्यानें भेद करण्याचें कारण आम्हांस तरी दिसत नाहीं.